भोंगाचाचाचा बिल्ला

भोंगाचाचा मोटार चालवत नसे, पुढच्याच्या पाठीला चिकटवत असे. पुढे बैलगाडी असो, टांगा असो, नाहीतर एखाद्या साहेबाची ऐटबाज मोटार असो, चाचाची सर्व्हिस मोटार तिला इतकी जाऊन भिडायची की एकदा आम्हा उतारूंतल्या एका गृहस्थांनी बाजूने वाकून, पुढच्या बैलगाडीत मागे पाय सोडून बसलेल्या माणसाकडून चुना मागून घेतला. तोही चालत्या मोटारीतून! आणि त्या माणसाने दिलासुद्धा. वर चाचाचा उजवा हात रबरी भोंग्यावर सतत चाललेला. पों पों पों! समोरचा बाजूला होईपर्यंत दम नाही.

मी तेव्हा खालापूरला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. घर कर्जतला. सोमवारी सकाळी जायचं, शनिवारी दुपारी यायचं. बायकांना पुढची जागा द्यायची रीत होती, म्हणून मी चाचाच्या शेजारी. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून रामरक्षा म्हटली. चाचा म्हणाला, "बाई, तुमी डोलं उघडा. मिटल्यावर जास्ती भ्या वाटतं." उघडले, तर नाकासमोर बैलाचं शेपूट! पण खोटं कशाला बोलू, महिन्याभरात मलाही ती चटक लागली. सगळ्यांनाच लागली होती. मागच्या बाकांवरून आरोळ्या उठायच्या, "चाचा, घ्या पुढं! सोडू नका त्याला!" आणि पुढचा बाजूला झाला की आम्ही गड जिंकल्यासारखे हसायचो.

याला कारण होतं ती धूळ. त्या वेळी कर्जत-खोपोली रस्ता म्हणजे नुसता मुरूम. जो पुढे, तो राजा. जो मागे, त्याच्या नाकातोंडात तांबडी धूळ. मोटारींना वर पत्र्याचा टप, बाजू उघड्या. शाळेत पोचेपर्यंत मी गेरू फासल्यासारखी दिसायची आणि मुली तोंडाला पदर लावून हसायच्या. चाचाचं म्हणणं असं, की धूळ खायची नसेल तर पुढच्याला गाठा आणि मागे टाका. त्याला मधला मार्गच ठाऊक नव्हता.

मूळचा तो टांगेवाला. मोटारी आल्या, टांगे बसले, तेव्हा चाळिशी उलटलेल्या या माणसाने चिकाटीने मोटार शिकून परवाना काढला आणि पितळेचा बिल्ला मिळवला. तो बिल्ला चिंचेने घासून असा लखलखीत ठेवायचा की उन्हात त्याच्याकडे बघवत नसे. मी एकदा थट्टा केली, "चाचा, तुमच्या बेगमनी केला नसेल एवढा थाट या बिल्ल्याचा आहे." तो हसला नाही. म्हणाला, "बाई, माज्या आईची तीन पोरं बोटीवर हायत. एक आफ्रिकेकडं, एक बसऱ्याकडं, एकाचा तर पत्ताच नाय. म्हातारीला एक तरी पोरगा जमिनीवर नको? ह्यो बिल्ला गेला तर मलाबी बोटीवर जावं लागंल. दुसरं काय येतं मला?" कोकणातून वर आलेल्या त्या घराण्यात पुरुष म्हणजे खलाशी, हे ठरूनच गेलेलं. हा एकटा मागे राहिला होता, आणि तो पितळेच्या त्या तुकड्यामुळे.

आणि नेमका तोच जायची वेळ आली. शिळफाट्याजवळ चाचा एका कुंभाराच्या गाडीला चिकटला होता. बैल बुजले, गाडी थांबली, आणि आमची मोटार मागून जाऊन आदळली. अहाहा, काय तो आवाज! गाडीभर मडक्यांचा चुरा. माणसांना काही झालं नाही, मोटारीचा पुढचा पत्रा तेवढा चेपला. कुंभाराने मात्र चाचाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चाचाने बिचाऱ्याची मडकी पुढे सगळा हंगाम मोटारीच्या टपावरून बाजारात पोचवली. फौजदारांनी मात्र त्याला उभं करून बजावलं, "पुन्हा कुणालाही मागून धक्का लागला, एवढासा जरी लागला, तर बिल्ला जमा. मग माझ्याकडे यायचं नाही."

ही बातमी कर्जतपासून खालापूरपर्यंत पसरायला कितीसा वेळ लागतो? सगळ्यात आधी ती पोचली बाबूकडे. हा बाबू नेरळचा, दुसऱ्या मालकाची हिरवी मोटार चालवायचा. तरणाबांड, केसांना तेल, गळ्यात रुमाल. चाचाने भोंगा वाजवून वाजवून त्याला कितीदा बाजूला काढलेलं, त्यामुळे पोटात राग साठलेला. आता त्याला आयतं सापडलं. तो मुद्दाम आमच्या पुढे निघायचा, रस्त्याच्या मधोमध चालायचा, आणि चाचा जरा जवळ आला की कचकन ब्रेक! आमची मोटार हातभर अंतरावर कशीबशी थांबायची. बाबू मान बाहेर काढून ओरडायचा, "ये की रं म्हाताऱ्या! ठोक की!"

चाचाच्या मानेची शीर टरारून फुगायची. आणि आमचे शहाणे उतारू! ज्यांना सवयच लागलेली, ते मागून ओरडतात, "चाचा, दावा त्याला! बांगड्या भरल्या काय?" एके दिवशी मी उलटी वळून बाकावर गुडघे टेकून उभी राहिले आणि वर्गात ओरडावं तशी ओरडले, "तोंडं मिटा! याचा बिल्ला गेला तर तुमच्यातला कोण याच्या आईला सांभाळणार आहे? हात वर करा!" एक हात वर झाला नाही.

त्याच दिवशी चाचाने मोटार रस्त्याकडेला एका जांभळीखाली घेतली आणि यंत्र बंद केलं. पुढे बाबूने उडवलेला धुळीचा ढग. चाचा हाताची घडी घालून बसला. एकाने विचारलं, "काय झालं? बिघडली?" चाचा म्हणाला, "बिघडली नाय. धूल बसू द्या." पाचोळा खाली यावा तशी सावकाश ती धूळ बसली, वळणावरचा दगड दिसायला लागला, तेव्हा त्याने हँडल मारलं आणि निघाला. मग तोच त्याचा नेम झाला. पुढच्याची धूळ दिसेनाशी झाल्याशिवाय चाक हलवायचं नाही.

लोकांनी काय काय नाही म्हटलं! गोगलगाय म्हटलं, जनाजा म्हटलं. बरेच जण हिरव्या मोटारीकडे गेले. "चाचा, लवकर पोचायचं हाय, राग नका मानू." चाचा म्हणायचा, "जावा बाबांनो." पण आतून तो कुढत असला पाहिजे. एकदा मला हळूच म्हणाला, "बाई, घोडा आवरणं सोपं. हे सोताला आवरणं लई वंगाळ काम."

मग हळूहळू एक गंमत लोकांच्या ध्यानात आली. चाचाच्या मोटारीतून उतरणारा माणूस जसा बसला तसाच उतरायचा. माझं लुगडं शाळेत पांढरंच्या पांढरं पोचायला लागलं. मुलींना हसायला कारण उरलं नाही. आणि लग्नसराई आली तेव्हा वऱ्हाडी मंडळी चाचाकडे रांग लावायला लागली. जरीच्या शालू-शेल्यांवर तांबडी धूळ कुणाला हवी? बाबूची मोटार आधी पोचायची खरी, पण तिचे मागच्या बाकावरचे उतारू खाली उतरल्यावर त्यांच्या बायकांनाही ओळखू येत नसत, कारण पळत्या मोटारीच्या चाकांची धूळ उलटून तिच्याच पोटात शिरायची. बाबूचा जळफळाट आणखी वाढला.

वैशाखातला शनिवार. चाचाच्या मोटारीतून खोपोलीहून एक वऱ्हाड कर्जतला निघालं होतं, गोरज मुहूर्तावर लग्न, आणि पुढच्या जागेवर घरी निघालेली मी. नवरदेव मुंडावळ्या सांभाळत मधल्या बाकावर, त्याच्या शेजारी वरमाय, सभोवती पांढरीशुभ्र धोतरं आणि उपरणी. पळसदरीच्या अलीकडे बाबूने आमच्या अंगावरून हिरवी मोटार काढली, एकदा कचकन ब्रेक मारून दाखवला आणि धुरळा उडवत उताराला लागला. चाचाने मोटार बाजूला घेतली. धूळ बसायला लागली. तेवढ्यात वळणापलीकडे आणखी एकदा ब्रेक करकरला आणि पाठोपाठ धाडकन आवाज झाला.

आम्ही वळणावर पोचलो, तर हिरवी मोटार तोंड आमच्याकडे करून रस्त्याकडेच्या आंब्याला पाठ टेकून उभी! मागचा पत्रा पार आत गेलेला. धुळीत बाबूला मागचं काही दिसलं नव्हतं. मुहूर्ताच्या घाईने आज तरी चाचा आपल्या मागे चिकटलाच असेल अशा समजुतीने या शहाण्याने सुट्या मुरमावर ब्रेक दाबला होता, आणि मोटार गर्रकन फिरून झाडावर आपटली होती. खरचटण्यापलीकडे कुणाला लागलं नव्हतं. पण मालक आता कामावरून काढणार हे बाबूने ओळखलं, आणि चाचाकडे बोट करून गळा काढला, "ह्यानं ठोकली! ह्यानं मागनं ठोकली!"

त्याचे उतारूही म्हणाले, होय, मागून दणका बसला. ते खोटं बोलत नव्हते हो. धुळीच्या ढगात बसलेल्यांना झाड काय आणि मोटार काय! तेवढ्यात कर्जतहून फौजदारांचा टांगा आला. त्यांनी बाबूचं ऐकलं, उतारूंचं ऐकलं, आणि मग चाचाच्या मोटारीच्या पुढे येऊन वाकून बघितलं. कुंभाराच्या गाडीवर चेपलेला तो पत्रा अजून तसाच होता. "साहेब, ते जुनं आहे," मी म्हणाले. "बाई, तुम्ही मध्ये बोलू नका," ते म्हणाले आणि त्यांनी चाचापुढे हात पसरला. "बिल्ला."

छातीवरच्या बिल्ल्याकडे चाचाचा हात गेला. बोटांना टाचणी निघेना.

आणि मोटारीतून वरमाय खाली उतरली. देवा, काय ती बाई! पदर खोचून थेट फौजदारांसमोर. "अहो फौजदार, मुहूर्त टळतोय माझ्या मुलाचा! धक्का कुठला अन् बिक्का कुठला? धुळीचा कण लागू नये म्हणून ही गोगलगाय ठरवली आम्ही. झाडाखाली बसून बसून पोरं पेंगायला लागली, आणि तुम्ही म्हणता हा त्याला चिकटून होता? हे बघा!" तिने नवरदेवाला दंडाला धरून खाली ओढलं आणि त्याचं उपरणं फौजदारांच्या नाकासमोर धरलं. "दाखवा कुठं तांबडं आहे ते!"

फौजदारांनी उपरण्याकडे बघितलं. मग वऱ्हाडाकडे. बगळ्यांचा थवा उतरावा तसं ते सगळं वऱ्हाड रस्त्यावर उभं होतं. मग त्यांनी बाबूच्या उतारूंकडे बघितलं. तांबड्या मातीचे गणपती! ते तडक आंब्याच्या झाडाकडे चालत गेले, आणि सालीवरून बोट फिरवून परत आले. बोटाला हिरवा रंग होता. ते बोट त्यांनी बाबूच्या शर्टाला पुसलं आणि चाचाला म्हणाले, "राहू दे तो बिल्ला जागेवर. वऱ्हाड पोचवा."

त्यानंतर जो गलका उठला! वऱ्हाडाचे वाजंत्री टपावर बसलेच होते, त्यांनी तिथेच सनई सुरू केली. नवरदेव मुंडावळ्यांसकट नाचला. मी मास्तरीण असल्याचं विसरून शिट्टी मारली, आणि ती चांगली वाजली. बाबूच्या मोटारीतल्या बायका-मुलांना चाचाने आमच्यात कोंबून बसवलं आणि खाली मान घालून उभ्या असलेल्या बाबूला म्हणाला, "चल रं, पायरीवर उभा ऱ्हा. मालकाशी मी बोलतो." आम्ही मुहूर्ताला पोचलो. आणि तो खरंच बोलला. बाबूची नोकरी राहिली.

पुढे कैक वर्षं मी त्या मोटारीने गेले. एका सोमवारी चाचा आला नाही, त्याच्या जागी बाबू बसला होता. हळू चालवत होता. म्हणाला, "चाचांची आई गेली, बाई. काल माती दिली. मीबी खांदा दिला."

पुढच्या सोमवारी चाचा जागेवर होता. डोळे सुजलेले, पण पाठ ताठ. मी शेजारी बसले. तो आपणहून बोलला. "बाई, तिघं बोटीवर व्हते. एकालाबी कलालं नाय. शेवटच्या घडीला म्हातारीनं चाचपून विचारलं, कोन हाय? मी म्हटलं, मी हाय." त्याने हँडल मारलं, वर चढून बसला आणि माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाला, "मी व्हतो, बाई. मी घरी व्हतो."