चार फूट अंगण

सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीचा वॉचमन कधी खुर्चीवर बसत नाही. उपड्या बादलीवर बसतो आणि प्रत्येक वाक्याआधी गुजरातीत ‘जुओ भाऊ’, म्हणजे ‘बघा भाऊ’, म्हणतो. परवा रस्तारुंदीत आमचं चार फूट अंगण जाणार म्हणून सभा भरली. महापालिकेचे साहेब स्वतः ऐकायला आले. घरात भाजीला मीठ कमी म्हणायला घाबरणारा मी मोबदल्यासाठी नुसता गरजलो.

सभेनंतर खुर्च्या उचलायच्या सोडून वॉचमन एकीवर बसला.

“जुओ भाऊ, चार फुटांसाठी एवढ्या खुर्च्या! आमचं आख्खं गाव धरणात बुडवलं, बदल्यात नांगर मोडेल असा खडक दिला. कसायला जमीन मागतोय, अजून कुणी ऐकलं नाही. आता माझी सभा. बसा.”

मी बसलो. ज्यांनी ऐकायला हवं होतं, ते साहेब आमचा चहा पिऊन केव्हाच गेले होते.