सरांचा पासवर्ड

"सरांचा पासवर्ड मला पाठ आहे, सरांना नाही," असं वनमाला पाताडे एकदा म्हणाली होती. स्टाफरूम हसली. सरही हसले.

वनमाला मुलुंडच्या एका कॉलेजात समाजशास्त्र विभागाची शिपाई. बावीस वर्षं चहा, फायली, हजेरीपत्रकं. लॉकडाउननंतर त्यात विद्यापीठाचं ऑनलाइन अभ्यासक्रमाचं संकेतस्थळ आलं. कोणी लेखी दिलं नाही, ते चहाच्या ट्रेमधूनच आलं. विभागप्रमुख श्यामसुंदर सरांचं आणि संगणकाचं कधी जमलं नव्हतं. "वनमाला, तेवढं चढवून टाक ना," म्हणायचे. तेवढं म्हणजे दोन सत्रांच्या नोट्स. पासवर्ड तिनेच ठरवला आणि सरांच्या खात्याला मोबाइल नंबरही स्वतःचाच दिला, कारण ओटीपी आला की सर घाबरायचे.

संकेतस्थळ मराठीत होतं, म्हणजे एखाद्या यंत्राला सुचेल तेवढ्या मराठीत. सुरू करायच्या बटणावर 'आत या', बंद करायच्या बटणावर 'बाहेर पडा'. पहिल्या दिवशी ते वाचून ती खुर्चीवरून उठलीच. बावीस वर्षांत इतक्या स्पष्ट शब्दांत तिला कोणी सांगितलं नव्हतं, माणसं निदान नजरेने सांगायची. तेव्हापासून ती ते बटण दाबत नसे. नुसता मॉनिटर बंद करायची.

सरांच्या नोट्स सर स्वतः विद्यार्थी असतानाच्या. 'स्थलांतर' या प्रकरणाची दोन पानं, त्यातलं एक वाळवीने नेलेलं.

"मग घाल गं काहीतरी," सर म्हणाले. "उदाहरण वगैरे."

तिने घातलं. 'माझे वडील धाकू गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर सगळे गावी गेले, ते गेले नाहीत. घाटकोपरच्या खोलीच्या दारावर त्यांनी गावच्या घराचा नंबर रंगवला, ४१२. चाळीत खोल्या अठरा. पोस्टमन अकरा वर्षं शिव्या देत होता. कोणी विचारलं तर म्हणायचे, मी थंयच रवतंय, हंय फकत निजाक येतंय.'

सर वाचतील आणि 'माझे' खोडतील, असा तिचा अंदाज होता. सर वाचतील, इथेच तो चुकला.

अशा रीतीने वांद्र्याच्या एका निवृत्त न्यायाधीशांचे चिरंजीव असलेले सर गिरणी कामगाराचे पुत्र झाले. चर्चेच्या पानावर मुलांनी लिहिलं, सर, रडू आलं. विद्यापीठाने 'अनुभवसिद्ध अध्यापना'बद्दल शाल दिली. प्राचार्य म्हणाले, "सर, तुम्ही मालवणी? कधी बोलला नाहीत." सर म्हणाले, "घरात बोलतो." शाल घडी घालून कपाटात ठेवली वनमालाने.

ती स्वतः त्याच विद्यापीठातून बाहेरून बी.ए. करत होती. सातवं वर्ष. विभागात लिपिकाची जागा रिकामी होती, अट पदवीची, आणि पदवीला एकच प्रकल्प उरला होता. विषय स्थलांतर. तिने वडिलांवर, त्याच शब्दांत लिहिलं, दुसऱ्या कोणाचे वडील तिला ठाऊक नव्हते. मग मोबाइलवर स्वतःच्या नावाने 'आत या' दाबलं आणि प्रकल्प सादर केला. यंत्राने दोन मिनिटांत निकाल दिला: साम्य ९३ टक्के. मूळ लेखक: प्रा. श्यामसुंदर.

चौकशी प्राचार्यांच्या दालनात झाली. एरवी तिला मावशी म्हणणाऱ्या समन्वयक अपूर्वा मॅडम त्या दिवशी तिला विद्यार्थिनी म्हणत होत्या. विषयतज्ज्ञ म्हणून अर्थातच श्यामसुंदर सर. चहा तिनेच आणून ठेवला, मग समोर उभी राहिली.

"मूळ नोट्स पडद्यावर घ्या ना सर," अपूर्वा म्हणाली. "तुलना रेकॉर्डवर हवी."

सरांनी कीबोर्डकडे पाहिलं. "वनमाला, जरा उघडून दे."

तिने उघडून दिलं. बोटं आपोआप चालली: धाकू, मग ४१२. पडद्यावर आलं, 'नमस्कार, प्रा. श्यामसुंदर.' सरांचा पासवर्ड आरोपी टाइप करते आहे, याची नोंद कार्यवृत्तात झाली नाही.

"हे उदाहरण सरांचं आहे, मान्य?" प्राचार्य म्हणाले.

"उदाहरण नाही. माझा बाप आहे."

"इथे तर सरांचं नाव दिसतंय," अपूर्वा म्हणाली. "सिस्टीमला तेवढंच कळतं ना. हे बघा, नजरचुकीने उतरवलं असं लिहून द्या. पुढच्या वर्षी नवीन विषय घ्या. नाहीतर नोंदणीच रद्द होईल."

"सही कर गं," सर हळूच म्हणाले. "मी शब्द टाकतो तुझ्यासाठी."

वनमालाने त्यांच्याकडे पाहिलं. "सर, तुमच्या बापाशीचा नाव काय?"

"काय?"

"बापाशीचा नाव."

"नीट मराठीत बोल," सर म्हणाले.

प्राचार्यांनी चहात साखर घातली, आधीच गोड असलेल्या. अपूर्वाने पेन पुढे सरकवलं. तिघांनाही जे कळायचं ते कळलं होतं, आणि कळूनही काही करायची गरज नाही, हेही.

"विषय तो नाही," प्राचार्य म्हणाले. "सही करा, मावशी."

वनमालाने पेन घेतलं नाही. ती संगणकाकडे वळली आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच 'बाहेर पडा' दाबलं. सर पडद्यावरून गेले. तिथे एक रिकामी चौकट उरली, पासवर्ड विचारत.

"अगं, पुन्हा उघड ना," सर म्हणाले. ती पर्स उचलत होती. अपूर्वाने 'पासवर्ड विसरलात?' दाबलं.

पर्समध्ये मोबाइल वाजला. सरांचा ओटीपी आला होता. तिघेही पर्सकडे बघत राहिले. वनमालाने ती खांद्याला लावली, दार उघडलं आणि बाहेर पडली.