सात सामन्यांची फायनल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नव्वदच्या दशकात शिरूरला आमच्याकडे केबल आली आणि अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची फायनल सकाळी सकाळी दिसू लागली. शाळेच्या टीममधला माझा मित्र बौद्धवस्तीतून सायकल मारत पहिला सामना बघायला आला आणि माझ्याशेजारी कॉटवर बसला. तो गेल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "त्याला खाली बसाय येत न्हाई व्हय? परत हितं दिसाय नको."

ती फायनल सात सामन्यांपर्यंत चालायची. आमच्याकडे फायनल म्हणजे एकच सामना. मी त्याचाच फायदा घेतला. ग्राउंडवर त्याला सांगितलं, "संपली फायनल."

"आयला, एवढ्यात? तालुक्याच्या स्पर्धेगतच की!" तो हसला.

त्या वर्षी फायनल सहाव्या सामन्यात संपली; पुढचे पाचही सामने मी त्याच कॉटवर लोळत पाहिले. आबांचा संताप आजही येतो, पण तो परत आला असता तर ते निदान त्याच्या तोंडावर बोलले असते. मी मात्र खोटं बोललो आणि वर त्याला समजूतदारपणा म्हणत राहिलो. कसला समजूतदारपणा? शुद्ध नीचपणा होता तो!

मित्र आता दौंडला असतो. त्याला खरं सांगणं आणि त्याची माफी मागणं, दोन्ही माझ्याकडून राहिलं आहे.