डाव्या बटणातली काडी

डब्यांची झाकणं ठोकायच्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे तेवढा वेळ दोन्ही हात बाहेरच राहतात. नऊ वर्षांपूर्वी प्रेसवर काम करणाऱ्या ताईंनी डाव्या बटणाच्या फटीत आगपेटीची काडी खुपसली आणि ते कायमचं दाबून ठेवलं. डावा हात पत्र्याच्या चकत्या सरकवायला मोकळा झाला. सुपरवायझरने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आठवड्याभरात सातही प्रेसमध्ये काड्या बसल्या.

इतक्या वर्षांत ताई कधी घाबरल्या नाहीत. मग सोमवारी त्यांनी खटपट करून धाकट्या जावेला शेजारच्या प्रेसवर लावलं. मंगळवारी तिची चकती वाकडी बसली. ती सरळ करायला डावा हात आत गेला आणि उजव्याने तेवढ्यात बटण दाबलं. ठोकळा नखाला चाटून गेला.

“अगं बाई!” म्हणून ती हसलीच. “ताई, तुमचं का तोंड उतरलं? बोट माझं होतं!”

सुपरवायझरच्या काचेच्या खोलीपर्यंत ताई दोनदा गेल्या आणि पाण्याच्या पिंपाकडे वळल्या. तिसऱ्यांदा दार ढकललं.

“साहेब, बटणांतल्या काड्या काढायला सांगा.”

“आज बरा साक्षात्कार झाला! ही अक्कल कोणाची होती?”

“माझीच.”

“मग? वर कळवू? पहिलं तुमचंच नाव जाईल. जाऊबाई तर कालच लागल्यात. दोघी घरी बसाल.”

घरची चूल आता दोघींच्याच पगारावर चालायची होती. ताईंना परत फिरावं असं वाटलं. काचेतून जाऊ दिसत होती. तिचा डावा हात पुन्हा आत गेला होता.

“बसू,” ताई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. “वीस बोटं घेऊन बसू.”

त्या बाहेर आल्या. आधी जावेच्या प्रेसमधली काडी उपसली, मग स्वतःच्या. जाऊ “अहो, काय करताय?” म्हणत राहिली. मागे सुपरवायझरने फोन उचलला होता. तो कोणाशी बोलतोय ते काचेतून ऐकू येत नव्हतं.

ताईंनी चकती ठेवली आणि दोन्ही बटणांवर हात ठेवले. हात इतके कापत होते की ती एकदम दाबली जाईनात.