आईच्या चमकीतला निळा उजेड

चुलतबहिणीच्या लग्नाचं रिसेप्शन अकोल्यातल्या एका हॉलमध्ये होतं. नाच सुरू झाला तसे मोठे दिवे विझले आणि जांभळे लागले. पांढरे सदरे, पोरांचे दात, खुर्च्यांची कव्हरं, सगळं पाण्याखाली असल्यासारखं उजळलं. मी आईकडे पाहिलं, तर तिच्या नाकातली हिऱ्याची चमकी निळी झाली होती. लुकलुकत नव्हती. आतूनच शांतपणे पेटली होती. मी बघत राहिले. आजूबाजूचं गाणं कुठेतरी लांब गेलं.

माझ्या शेजारी बसलेली आत्याही बघत होती. "अव बाई, खरा हिरा असा निळा दिसते काय?" ती म्हणाली. "काच हाये थे. फसवलं माह्या भावाले."

बाबा मागच्याच खुर्चीवर होते. त्यांनी ऐकलं.

बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. अमरावतीला बदली होती तेव्हा, माझ्या दहावीच्या उन्हाळ्यात, त्यांनी ती चमकी आणली होती. आईने मागितली नव्हती. त्यांनी कागदाची पुडी तिच्या हातात दिली आणि लगेच पेपर उघडून बसले, एवढं मला आठवतं.

त्या रिसेप्शननंतर बाबांच्या डोक्यात तेच बसलं. आई वाढायला वाकली की त्यांची नजर तिच्या नाकावर जाई आणि तिथून ताटात येई. एकदा म्हणाले, "काढून ठेव थे."

"काहून? मले टोचून नाही राहिली," आई म्हणाली आणि पोळी वाढून गेली.

शेवटी मीच दोघांना बसने अमरावतीला घेऊन गेले. बाबांनी चमकी घेतली ते सराफ्यातलं दुकान अजून आहे. जुने मालक राहिले नाहीत, त्यांची मुलगी बसते, माझ्याच वयाची. बाबा खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलले, "खरं सांगजो बाई. मी फसलो असन तं चालते, पण हिले समजलं पाह्यजे."

आईने काढून दिलेली चमकी तिने भिंगातून पाहिली, मग पेनासारख्या यंत्राचं टोक तिला लावलं. यंत्र वाजलं.

"हिराच आहे, काका."

बाबांनी श्वास सोडला. "मंग निळा काहून झाला?"

तिने चमकी एका काळ्या डबीत ठेवली, जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी लावली आणि आम्हाला वरच्या भोकातून पाहायला सांगितलं. तोच निळा. इथे तर अंधारात दुसरं काहीच नव्हतं, नुसता तो एक थेंब.

"ह्याला फ्लोरेसन्स म्हणतात," ती म्हणाली. "ह्या जांभळ्या उजेडातले, आपल्याला न दिसणारे किरण पडले की काही हिरे असे पेटतात, काही नाही पेटत. त्यावरून खरंखोटं ठरत नाही."

"म्हणजे खोट तं हाये?"

"एकदम पांढऱ्या, महाग हिऱ्यात ही निळाई जास्त असली तर भाव उतरतो. एखादा उन्हात दुधाळही दिसतो. तुमचा तसा नाही. हा मुळात थोडा पिवळसर आहे. उन्हातही ते किरण असतात, म्हणून तिथे हा निळा पिवळेपणा झाकतो आणि हिरा आहे त्याहून पांढरा दिसतो. तुम्हाला त्याचा फायदाच झाला."

बाबांनी काउंटरच्या काचेवर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाले, "दोन दाखवले होते. मले काही समजत नव्हतं. मी दोनई बाहेर उनात नेऊन पाह्यले. हा जास्त पांढरा दिसला."

आईला हे माहीत नव्हतं. ती पुन्हा डबीवर वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. मला मात्र डबीतलं सोडून भलतंच दिसत होतं: मे महिन्यातला रस्ता, ऑफिसच्या कपड्यातले, काळ्या केसांचे बाबा, तळहातावर दोन कण, आणि त्यांना त्यातलं नक्की काय पाहायचं ते ठाऊक नाही.

"तुमी पाहा न," आई म्हणाली आणि सरकली. दोन पिकलेली डोकी त्या डबीवर जवळ आली.

बाहेर पडताना तिने आरशात न बघताच चमकी घातली. ऊन चांगलंच चढलं होतं.

"किती वेळ उभे होते तुमी उनात?" तिने विचारलं.

"झाला असन अर्धा घंटा. मालक आतून आवाज देऊन राह्यला होता."

आई हसायला लागली. रिक्षा येऊन थांबली तरी हसतच होती.