चाळीस नव्हे, पंचावन्न मिनिटे

ओव्हाळबाईंशी माझी ओळख एका स्वेटरमुळे झाली. तळेगावजवळच्या फूल उत्पादक संघाच्या पॅकहाऊसमध्ये मी लॅपटॉप आणि टॅगची दोन रिळे घेऊन उभी होते. कोल्डरूमच्या दारातून एक बाई बाहेर आल्या. त्यांनी मला नखशिखान्त पाहिले.

"तुमीच का त्या टॅगवाल्या मॅडम?"

मी हो म्हटले. त्यांनी अंगातला स्वेटर काढून माझ्या हातात दिला. "आत सहा अंश हाय. पहिली धा मिनिटं बरं वाटतं. मग न्हाई वाटत."

तो त्यांचा एकुलता एक स्वेटर होता, हे मला दुपारी समजले. तोवर त्या डोक्याला रुमाल बांधून आणि पदर घट्ट लपेटून आत-बाहेर करत होत्या.

शकुंतला ओव्हाळ यांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. आंदर मावळातल्या त्यांच्या गावाहून डांबरी रस्त्यापर्यंत चालत येऊन त्यांनी सातवी कशी पूर्ण केली, गुलाबाच्या जुड्या बांधण्याच्या रोजंदारीपासून कोल्डरूमच्या प्रमुखपदापर्यंत त्या कशा पोचल्या, हे या गौरवग्रंथात त्यांना जास्त काळ ओळखणारे लोक लिहितील. मी त्यांच्याबरोबर तीन वर्षे काम केले आहे. मी फक्त मला माहीत असलेल्या एका फेब्रुवारीबद्दल लिहिते.

आधी माझ्या कामाविषयी सांगायला हवे. टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा टॅग आपोआप वाचला जातो, ते तंत्रज्ञान म्हणजे आरएफआयडी. टॅगमध्ये एक बारीक चिप आणि तिच्याभोवती धातूची पातळ रेघ असते. बॅटरी नसते. रीडरच्या रेडिओलहरी पोचल्या की टॅग जागा होतो आणि आपला क्रमांक सांगतो. बारकोडसारखा तो दिसावा लागत नाही, त्यामुळे बंद खोक्यांची अख्खी रास रीडर बसवलेल्या एका चौकटीतून ढकलत नेली तरी सगळे क्रमांक मिळतात. कपड्यांच्या मोठ्या दुकानांनी हे तंत्र कधीच स्वीकारले. गाड्यांच्या सुट्या भागांचे कारखानेही त्या वाटेवर आहेत. फुले, भाज्या, दूध यांच्याकडे ते हळू येत आहे, कारण पाणी रेडिओलहरी शोषून घेते आणि ताज्या मालात पाणीच असते.

संघाने कोल्डरूमच्या दारावर अशी एक चौकट महिनाभर लावून पाहायची असे ठरवले होते. फेब्रुवारीत गुलाबांच्या गाड्या एकामागोमाग सुटतात. प्रत्येक गाडीआधी आठ बायका खोकी मोजायच्या, फळ्यावर आकडा लिहायच्या, पुन्हा मोजायच्या. ते काम चौकट करू शकते का, एवढाच प्रश्न होता. उत्तर 'हो' आले, तर आठांतल्या सहाजणींचे त्या जागेवर काम उरणार नव्हते. माझ्या अहवालाच्या चौथ्या पानावर ते एका ओळीत होते: 'मोजणीसाठी आठऐवजी दोन व्यक्ती पुरतील.' मला ती ओळ तेव्हा खटकली नव्हती. अशा ओळी प्रत्येक अहवालात असतात.

अहवालाचा मराठी मसुदा मी ओव्हाळबाईंना वाचायला दिला, तो केवळ वेळा तपासण्यासाठी. एका गाडीच्या मोजणीला चाळीस मिनिटे लागतात असे मी लिहिले होते. दुसऱ्या दिवशी मसुदा परत आला. 'चाळीस' पेन्सिलने खोडून वर 'पंचावन्न' लिहिलेले होते. चौथे पान वाचल्याची खूण म्हणून त्याचा कोपरा दुमडलेला होता, पण त्या ओळीला पेन्सिल लागलेली नव्हती.

मी विचारले, "बाई, मी स्वतः घड्याळ लावून पाहिलं होतं."

"तुमी उभ्या होत्या म्हणून बाया पळत होत्या. रोज पंचावन लागत्यात."

मोजणीला जितका जास्त वेळ, तितकी चौकटीची गरज मोठी. ही दुरुस्ती त्यांच्याच बायकांच्या विरोधात जात होती, आणि ते त्यांना कळत होते. मी तसे बोलून दाखवले. त्या हातमोजे चढवत म्हणाल्या, "मग काय खोटं लिवायचं?"

चौकट मात्र चालेना. साठ खोकी गेली की पन्नासच्या आसपास दिसत. मी रीडरचा कोन बदलला, ताकद वाढवली, ॲन्टेना हलवल्या. संचालक मंडळ पाहणीला यायच्या आदल्या दिवशीही आकडा पूर्ण आला नव्हता, आणि हे पॅकिंगच्या टेबलावर सगळ्यांना माहीत होते.

पाहणीच्या दिवशी संघाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणतात, आणि चार संचालक दाराशी उभे होते. खोकी चौकटीतून गेली. पडद्यावर साठपैकी साठ. पुन्हा नेली, पुन्हा साठ. आबा म्हणाले, "जमलं की. उगीच म्हणत होते, चालत न्हाई म्हणून." मला हायसे वाटले, हे नमूद करते.

ओव्हाळबाई गाडीपाशी होत्या. प्रत्येक खोक्यावर तळहात टेकवून ते आत सोडायची त्यांची जुनी रीत आहे. मध्येच त्या थांबल्या.

"आबा, गाडी सोडू नका. मोजणी खोटी हाय."

राशीच्या आतल्या खोक्यांवर टॅग नव्हते. ते सगळे अलगद सोलून बाहेरच्या बाजूच्या आठ-दहा खोक्यांवर ओळीने चिकटवलेले होते, जिथे ते हमखास वाचले जातील. चौकटीने साठ टॅग बरोबर मोजले होते. तिने खोकी मोजली आहेत, असे आम्ही समजलो होतो.

मग मोजणीच्या आठजणींतल्या कमलताई पुढे येऊन ओव्हाळबाईंना म्हणाल्या, "मावशी, आमीच केलं. मॅडम महिनाभर त्या दारापाशी बसून हायेत, नीट जेवत पन न्हाईत. आमाला वाटलं, न्हाई चाललं तर त्यांची नोकरी जाईल."

"आन गाडीत खोकं कमी गेलं असतं म्हंजे?"

"आमी आधी हातानं मोजून घेतलं व्हतं की. दोनदा."

आबांना हसू आवरले नाही. मला हसता आले नाही, कारण कमलताई त्या सहाजणींपैकी एक असणार होत्या. त्यांना हे माहीत नव्हते. तिथे ते फक्त मला आणि ओव्हाळबाईंना माहीत होते.

एक संचालक म्हणाले, "म्हणजे यंत्र चालत नाही. विषय संपला." तो तिथे खरेच संपला असता. ओव्हाळबाईंनी गप्प राहणे पुरेसे होते, आणि त्यासाठी त्यांना कुणीही दोष दिला नसता. त्या म्हणाल्या, "यंत्राला उद्याचा एक दिवस द्या. मॅडमनी टॅग चुकीच्या जागी लावलाय."

खोक्यात गुलाबांची तोंडे दोन्ही टोकांना असतात आणि दांडे मध्ये, ओल्या कागदात गुंडाळलेले. मी टॅग झाकणाच्या बरोब्बर मध्यावर, म्हणजे सगळ्या पाण्याच्या डोक्यावर लावत होते. पाणी लहरी शोषते हे मला ठाऊक होते. खोक्यात पाणी नेमके कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि ते मी त्यांना विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी संचालक मंडळ पुन्हा आले तेव्हा टॅग पाण्यापासून लांब, अरुंद बाजूच्या वरच्या कोपऱ्यात लावले होते. साठपैकी साठ, आणि या वेळी ओव्हाळबाईंनी प्रत्येक खोके स्वतः तपासले.

मग त्यांनी माझ्याकडून मसुदा मागून घेतला, चौथे पान उघडले आणि सगळ्यांसमोर ती ओळ वाचून दाखवली. कमलताई माझ्याकडे बघत राहिल्या. ओव्हाळबाई आबांना म्हणाल्या, "यंत्र चांगलं हाय. घ्या. पन या सहाजणी कुटं जातील ते आधी लिवा, मग दार चालू करा. तोंडी नको."

"मावशी, आमच्यावर विश्वास न्हाई व्हय?"

"हाय. म्हणून तर लिवायला लय वेळ लागणार न्हाई."

ठराव तिथेच लिहिला गेला. चौघी प्रतवारीच्या टेबलावर गेल्या. कमलताई हातातला रीडर चालवतात आणि टॅग नीट लागला नसेल तर मला फोन करून सुनावतात. सहावीने पुढे स्वतःची रोपवाटिका काढली.

या तंत्रज्ञानाच्या भवितव्याबद्दल मला अनेकदा विचारतात. टॅग स्वस्त होत जातील, मोठे खरेदीदार त्यांचा आग्रह धरतील, आणि छोट्या संघांना ते परवडायला वेळ लागेल, असे माझे मत आहे. यातला सर्वांत उपयोगी विचार मात्र मला ओव्हाळबाईंच्या एका प्रश्नातून मिळाला: "ह्ये खोकं माघारी येतं का? न्हाई ना? मग जे माघारी येतं त्याला लावा." आज लोणावळ्याच्या हॉटेलांना आणि पुण्याच्या दुकानांना फुले प्लास्टिकच्या क्रेटमधून जातात. क्रेट परत येतात, आणि तोच टॅग पुन्हा पुन्हा वापरला जातो. पूर्वी क्रेट हरवत. आता ते कुठल्या हॉटेलच्या मागच्या दारी पडून आहेत ते कळते.

माझ्या प्रत्येक अहवालात आता एक जास्तीचे पान असते: हे काम आजवर कोण करत होते, आणि उद्या ते काय करतील. आमच्या ऑफिसात त्याला 'ओव्हाळ पान' म्हणतात. एका ग्राहकाला ते पान नको होते, म्हणून तिथले काम आम्ही सोडले. त्या दिवशी मी ओव्हाळबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं केलं. जेवलात का?"

चौकट बसल्यावरही त्या प्रत्येक क्रेटवर तळहात टेकवतात. मी एकदा विचारले, आता कशासाठी? "ते मोजतं. ते गार हाय का, ते मी बगते."

गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांना कोल्डरूम सोडायला सांगितली आहे. संघाने त्यांच्यासाठी बाहेरच्या उन्हात, गाडीच्या वाटेवर, एक खुर्ची ठेवली आहे. त्यांना भरपूर वर्षे मिळोत, गुडघे दुखायचे थांबोत, आणि त्या खुर्चीपाशी येणारी प्रत्येक गाडी त्यांच्या हाताखालून जात राहो. त्यांचा तो स्वेटर अजून माझ्याकडे आहे; मागाहून त्यांनी दुसरा घेतला, हा परत घेतलाच नाही. साठीच्या समारंभात तो मी परत करणार आहे, आणि सोबत नवा, उन्हाळ्यात घालता येईल असा, पातळ.