पहिली दहा मिनिटं

"तुम्ही नेमकं काय ढकललंत?" नौपाड्यातल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्यांच्या हातात माझा रिपोर्ट होता.

"स्लेड," मी म्हटलं आणि समजावून सांगितलं. हॉलच्या आत एक शर्यत असते. थोडं धावायचं, मग अंगमेहनतीचा एक प्रकार, पुन्हा धावायचं, पुन्हा नवा प्रकार. त्यातलाच एक म्हणजे वजनं लादलेली लोखंडी घसरगाडी ढकलत न्यायची. "काल सरावात पहिल्यांदाच पूर्ण वजनाची ढकलली."

"आणि आज लघवी काळ्या चहासारखी झाली."

"हो."

"याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायूंच्या पेशी फुटल्यात. त्यांच्यातलं प्रथिन रक्तात उतरलंय, आणि ते गाळताना किडन्या बंद पडू शकतात. आत्ताच ॲडमिट व्हा."

मी डोंबिवलीत राहते, ठाण्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. चाळिशी ओलांडलीय. किडनीचं नाव ऐकून घाबरले, पण सलाइन लागल्यावर पडल्यापडल्या मनात एकच प्रश्न घोळत होता. शर्यतीतली माझी जोडीदार सायली, आमच्या शाळेची पीटीची शिक्षिका. तिनं तीच गाडी, तेवढ्याच वजनाची, माझ्याहून जास्त वेळ ढकलली होती. ती सकाळी शाळेत गेली आणि मी इथे. असं का?

पुढचे काही दिवस सलाइन, लघवीची मोजणी आणि रक्ततपासण्या. क्रिएटिनिन म्हणजे किडनी कसं काम करते ते सांगणारा आकडा. तो चढला, एक दिवस तिथेच अडून बसला, मग उतरायला लागला. डायलिसिस टळलं. सीके म्हणजे स्नायू किती तुटलेत ते सांगणारा आकडा. तोही उतरत होता.

घरी आले. महिन्याभरानं पुन्हा तपासलं तर सीके बराच खाली आला होता, पण नॉर्मल नव्हता. या काळात मी जिनाही सावकाश चढत होते. डॉक्टर रिपोर्टकडे बघत राहिल्या. "काहीच न करता स्नायू तुटतायत? हे मला आवडलेलं नाही," म्हणाल्या आणि त्यांनी मला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं.

हे न्यूरॉलॉजिस्ट वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी आजाराबद्दल विचारायच्या आधी माझ्या शाळेतल्या दिवसांबद्दल विचारलं. "धावायला लागलात की काय व्हायचं?"

"सुरुवातीलाच पाय भरून यायचे. सगळ्यांच्या मागे पडायचे."

"आणि तरीही चालत राहिलात तर?"

असं कोणी कधी विचारलंच नव्हतं. मी आठवून सांगितलं, "थोड्या वेळानं बरं वाटायचं. सहलीत गड चढताना पहिल्या टप्प्यात मी रडकुंडीला यायचे, पुढे इतरांच्या बरोबरीनं जायचे."

ते उठले, माझ्या बोटाला नाडी मोजायचं यंत्र लावलं आणि मला बाहेरच्या पॅसेजमध्ये चालायला लावलं. स्वतः बरोबर चालले. नाडी भराभर वाढली, पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. मी थांबायला लागले. "वेग कमी करा, पण थांबू नका." दहाएक मिनिटांत, वेग आणखी न उतरवता चालत असताना नाडी खाली आली. पाय सुटे झाले. मला वाटलं यंत्र बिघडलंय. डॉक्टर हसले.

"याला सेकंड विंड म्हणतात. मॅकआर्डल डिसीज असणार. जनुकांच्या तपासणीनं पक्कं करू."

त्यांनी समजावलं ते असं. आपल्या स्नायूंमध्ये साखरेचा साठा असतो. काम सुरू झालं की पहिल्यांदा तो वापरला जातो. माझ्याकडे साठा आहे, तो उघडणारं एन्झाइम जन्मापासून नाही. काही मिनिटांनी रक्तातून साखर आणि चरबी पोचते, मग स्नायू नीट चालतात. जड वजन एकदम ढकललं तर तेवढा वेळच मिळत नाही आणि स्नायू तुटतात.

"म्हणजे व्यायाम बंद?"

"बंद केलात तर उलट बिघडेल. फक्त सुरुवात तुमच्या पद्धतीनं करायची. आणि भावंडं असतील तर त्यांनाही तपासा. हे आईवडील दोघांकडून येतं."

जनुकांच्या तपासणीत तेच निघालं. मला धाकटा भाऊ आहे, सचिन. टिटवाळ्याला आईबरोबर राहतो. पोलीस भरतीच्या मैदानातून तो अर्ध्यावर परत आला होता. त्यानंतर 'अंगचोर' हा शब्द त्याला घरात जन्मभर चिकटला. त्याचा रिपोर्ट माझ्यासारखाच आला. तो त्यानं मला फोनवर वाचून दाखवला. मग म्हणाला, "ताई, हे आईला तू सांग. माझं तिला खरं नाही वाटणार."

मी टिटवाळ्याला जाऊन सांगितलं. आईनं सगळं ऐकलं, कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि सचिनला म्हणाली, "मग तेव्हा बोलायचंस ना रे."

"काय बोलणार? मलाही वाटायचं, मी अंगचोरच आहे," तो म्हणाला.

खऱ्या शर्यतीत सायली दुसरी जोडीदार घेऊन उतरली. त्याआधी तिनं कोपरीच्या एका हॉलमध्ये ओळखीच्या काहीजणांना घेऊन सरावाची शर्यत ठेवली, त्यात मलाही घेतलं. वजनाचे प्रकार बाकीच्यांचे, माझं फक्त धावणं, तेही डॉक्टरांना विचारून. मी आधी साखरेचं पाणी प्यायले, हॉलला रमतगमत फेऱ्या मारल्या आणि पाय सुटल्यावरच धावले. कोणी मागे वळून बघितलं नाही, कारण मी इतरांसारखीच धावत होते.

हे वाचणाऱ्यांना दोनच गोष्टी सांगते. व्यायामानंतर लघवी गडद झाली तर पाणी पीत घरी बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. आणि तुम्ही लहानपणापासून सुरुवातीलाच दमत असाल तर डॉक्टरांना ते सांगा, लाजू नका. मला असे प्रश्न विचारणारे डॉक्टर भेटले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

सरावाच्या त्या दिवशी सचिन बघायला आलेला. सगळे आवरत होते तेव्हा तो म्हणाला, "मीपण चालून बघू?" आम्ही भिंतीच्या कडेनं निघालो. थोड्याच वेळात तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बस झालं."

"हळू चल. पण चल."

तो चालला. तोंड वेडंवाकडं करत, माझ्याकडे रागानं बघत. मी त्याच्या बरोबरीनं चालत राहिले. आणखी काही फेऱ्या झाल्या आणि त्याचा श्वास बदललेला मला ऐकू आला. त्यानं खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं.

"ताई, हे असं असतं?"

"हो."

सायलीनं मॅट गुंडाळल्या, वजनं भिंतीशी लावली. तो फेऱ्या मारतच राहिला.